धक्का बसला, पण किती खोल?

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात मला कोयनेच्या भूकंपाची बातमी लिहायला दिली. 'लिहायला' म्हणजे काय, तर जुनी बातमी काढायची, तारीख, वेळ आणि तीव्रतेचा आकडा बदलायचा. कोयना परिसराला सौम्य धक्का, पहाटे अमुक वाजून तमुक मिनिटांनी, इतके रिश्टर स्केल, केंद्रबिंदू अमुक गावाच्या नैऋत्येला इतके किलोमीटर, धरण सुरक्षित, कुठेही हानी नाही. झाल्या चार ओळी. सातारा-सांगलीत वाढलेल्या कुणालाही ही बातमी झोपेतसुद्धा म्हणता येईल.

मी डेस्कवरच्या सरांना विचारलं, "सर, खोली किती होती?" सर म्हणाले, "खोली टाकत नाही आपण." विषय संपला.

माझ्यासाठी मात्र संपला नाही, कारण त्याच रविवारी आज्जीचा फोन आला. माझ्या आईचं माहेर पाटण तालुक्यातलं. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा आज्जी परकरातली पोरगी होती. त्या दिवसाबद्दल ती फारसं बोलत नाही. पण कराडजवळ आणि कोयना भागात सरकारने खोल बोअर मारलंय हे तिला पक्कं माहितेय. ती म्हणाली, "पेपरात हायस न्हवं आता? मग इचार की तुझ्या सायबाला, त्या भोकानं हादरं थांबत्यात का वाढत्यात?"

आज्जीचा प्रश्न अडाणी नाही. जगभरातल्या भूकंपशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर पन्नासेक वर्षं घालवली आहेत. गंमत म्हणजे त्याचं अर्धं उत्तर भूकंपाच्या प्रयोगशाळेत नाही, तेलाच्या विहिरीत सापडतं. म्हणून आधी तिकडे एक चक्कर मारू.

माठातलं तेल

तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठलेलं नसतं. ते खडकाच्या बारीक छिद्रांत असतं. काही खडकांची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, तिथे विहीर खणली की तेल आपोआप वाहत येतं. काही खडक मात्र माठासारखे असतात. माठाला छिद्रं भरपूर, पण म्हणून त्याला कुणी चाळणी म्हणत नाही, कारण पाणी नुसतं पाझरतं. राजस्थानात बारमेरजवळ 'बारमेर हिल' नावाचा असाच थर आहे. तेल आहे, पण खडक ते सोडत नाही. भूगोलाच्या पुस्तकातला शब्द वापरायचा तर सच्छिद्रता आहे, पारगम्यता नाही.

अशा ठिकाणी फ्रॅकिंग करतात. विहिरीतून प्रचंड दाबाने पाणी सोडायचं, त्यात वाळू आणि थोडी रसायनं मिसळायची. दाब वाढत गेला की खडक फाटतो. पाणी मागे येतं, वाळू फटीत अडकून राहते आणि फट मिटू देत नाही. त्या फटीतून तेलाला वाट मिळते.

आता खरी अडचण इथे आहे. ही फट दोन-अडीच किलोमीटर खाली पडलेली असते. ती कुठे गेली, किती लांब गेली, वर चढली की खाली उतरली, हे बघायला तिथे कोण जाणार? आणि हे माहीत नसेल तर पुढची विहीर कुठे घ्यायची हे ठरवता येत नाही.

इथे भूकंपशास्त्र कामाला येतं. खडक फाटताना त्याच्या आजूबाजूचे तुकडे एकमेकांवर किंचित घसरतात आणि प्रत्येक घसरणीतून एक इवलासा भूकंप होतो. इवलासा म्हणजे तीव्रता शून्याच्याही खाली, उणे 1, उणे 2, उणे 3. (हो, तीव्रता उणे असू शकते. शून्य म्हणजे 'भूकंप नाही' असं नव्हे. ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे. एक अंक खाली आलात की लाटेची उंची दहापट कमी आणि ऊर्जा सुमारे 32 पट कमी. खाली कुठेच तळ नाही.) असे धक्के जमिनीवर कुणालाच जाणवत नाहीत. पण शेजारच्या विहिरीत, त्याच खोलीवर जिओफोनची माळ सोडून ठेवली तर ते ऐकू येतात. एकेका धक्क्याची जागा शोधून नकाशावर ठिपका द्यायचा. शेकडो ठिपके जमले की त्यांचा एक ढग तयार होतो आणि त्या ढगाचा आकार म्हणजे ढोबळमानाने फटीचा आकार. 1970 च्या दशकात अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या फेंटन हिल इथे गरम कोरड्या खडकातून उष्णता काढायचे प्रयोग चालू होते, तिथे ही पद्धत आकाराला आली. पुढे तेल कंपन्यांनी ती उचलली.

ढोबळमानाने म्हणाले, कारण हे ठिपके थोडे फसवे असतात. ठिपका सांगतो की इथे खडक घसरला. तिथे वाळू पोचली का, फट उघडी राहिली का, तेल तिथून येईल का, हे तो सांगत नाही. खडक आवाज न करताही उघडू शकतो, मग तिथे ठिपकाच पडत नाही. तेव्हा रंगीत ठिपक्यांचं देखणं थ्रीडी चित्र दाखवून कुणी "एवढा खडक आम्ही फोडला" म्हणालं, तर थोडं सबुरीने घ्यायचं.

ठिपका सापडतो कसा?

बारावीचं फिजिक्स विसरला नसाल तर हे सोपं आहे. भूकंपातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पी लाट ग्रॅनाइटसारख्या खडकातून सेकंदाला साधारण 6 किलोमीटर वेगाने धावते, एस लाट साधारण साडेतीन. वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी आला यावरून आपण लहानपणी अंतर मोजायचो, तसंच. पी आणि एस यांच्यात एक सेकंदाचं अंतर पडलं की भूकंप सुमारे 8 किलोमीटर लांब. कोयनानगर ते कराड अंदाजे 50 किलोमीटर, म्हणजे कोयनेत धक्का बसला की कराडच्या यंत्रावर दोन लाटांमध्ये सहाएक सेकंद जाणार. एका यंत्राने फक्त अंतर कळतं, दिशा पक्की होत नाही. तीन-चार यंत्रं असली की वर्तुळं एकमेकांना छेदतात आणि जागा मिळते.

पण नकाशावरची जागा मिळते, खोली पटकन मिळत नाही. खोली ठरवायला एखादं यंत्र भूकंपाच्या अगदी जवळ लागतं. सगळी यंत्रं लांब असतील तर भूकंप 3 किलोमीटरवर झाला काय आणि 9 वर झाला काय, आकडेवारीत फारसा फरक पडत नाही. म्हणूनच जगभरातल्या यादीत पुष्कळ भूकंपांच्या पुढे खोली सरळ 5 किंवा 10 किलोमीटर लिहिलेली दिसते. तो मोजलेला आकडा नसतो, गृहीत धरलेला असतो. 'खोली टाकत नाही आपण' यामागे सरांचा आळस नव्हता, असं आता मला वाटतं. तो आकडा टाकण्याइतका भरवशाचा अनेकदा नसतोच.

कोयनेत आणखी एक भानगड आहे. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. कुठे कठीण बेसॉल्ट, कुठे भुसभुशीत थर, कुठे लाल मातीचा पट्टा. खालून आलेली लाट या थरांत आपटत, विखुरत वर येते. त्यात वर पवनचक्क्या, ऊसाच्या ट्रॉल्या, पावसाळ्यात नद्या-ओढे. जमिनीवर ठेवलेल्या यंत्राला हे सगळं ऐकू येतं. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना फोनवर बोलायचा प्रयत्न केलाय कधी? तसं.

यावर उपाय तेलवाल्यांचाच, यंत्र घेऊन बेसॉल्टच्या खाली जायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोयना-वारणा भागात साधारण दीड किलोमीटर खोल बोअर घेऊन, लाव्ह्याचे थर ओलांडून, खालच्या ग्रॅनाइटमध्ये भूकंपमापक बसवले. वरचा गोंगाट तिथे पोचत नाही, त्यामुळे जमिनीवरून निसटणारे बारीक धक्के पकडले जातात आणि खोलीचा अंदाज सुधारतो.

इथे फट का पाडली?

आता आज्जीच्या भोकाकडे येऊ. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे, बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी. कराडचे कितीतरी विद्यार्थी तिच्या आसपासून रोज कॉलेजला जात असतील. देशात फक्त याच कामासाठी उभी केलेली ही प्रयोगशाळा आहे आणि आपण ट्रिपला महाबळेश्वरला जातो!

या प्रकल्पात कोयना परिसरातल्या गोठणे इथे 3 किलोमीटर खोल पथदर्शी बोअर घेतलं गेलं, ते 2017 मध्ये पुरं झालं. वरचे सुमारे 1.2 किलोमीटर बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या खाली एकदम 250 ते 270 कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइटी खडक. पुढचं लक्ष्य 6 किलोमीटरच्या आसपास जाण्याचं आहे, कारण कोयनेचे भूकंप जिथे जन्मतात तो पट्टा तिथे आहे. त्या खोलीवर तापमान 110 ते 130 अंश सेल्सियस असेल असा अंदाज आहे.

याच बोअरमध्ये शास्त्रज्ञांनी तेलवाल्यांसारखं पाण्याच्या दाबाने खडकाला फट पाडायचं काम केलं. ऐकून मीही आधी दचकले होते. भूकंपप्रवण भागात फ्रॅकिंग? पण हे फारच छोटं काम असतं. बोअरचा छोटासा तुकडा दोन्ही बाजूंनी रबरी बुचांनी बंद करायचा, मधे पाणी दाबत जायचं, खडक कोणत्या दाबाला फाटतो ते बघायचं, पंप थांबवायचा आणि फट कोणत्या दाबाला मिटते ते नोंदवायचं. फट मिटायचा दाब म्हणजे त्या खडकावरचा सगळ्यात कमी ताण. फट कुठल्या दिशेला पडली यावरून सगळ्यात जास्त ताण कुठल्या दिशेने येतोय ते कळतं, कारण फट नेहमी सगळ्यात कमी विरोध असलेल्या बाजूला उघडते. अमेरिकेतल्या एका आडव्या तेलविहिरीत काही कोटी लिटर पाणी जातं. इथला मामला त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

म्हणजे बघा, तेलवाले फट शोधण्यासाठी धक्के ऐकतात. कोयनेत धक्के का बसतात हे कळावं म्हणून फट पाडली. अवजार तेच, प्रश्न उलटा.

यातून आलेल्या दोन गोष्टी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. पहिली, इथला खडक आधीच इतका ताणलेला आहे की थोडासा बदलही तो घसरायला पुरतो. दुसरी, 3 किलोमीटर खोलीपर्यंत पाण्याच्या खुणा सापडल्या आणि ते पाणी पावसाचं आहे. पाऊस इतका खाली मुरतो!

पंप कुणाच्या हातात?

आज्जीच्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर या दोन गोष्टींतच आहे. जमिनीत पाणी दाबल्याने भूकंप होऊ शकतात का? होऊ शकतात, आणि हे मुद्दाम करून बघितलेलं आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या रँजली तेलक्षेत्रात, तिथलाही वालुकाश्म घट्टच, 1969 ते 1973 या काळात शास्त्रज्ञांनी विहिरींतून पाणी दाबलं, मग उपसलं, मग परत दाबलं. भेगेतला दाब ठरावीक पातळीच्या वर गेला की धक्के सुरू, खाली आला की बंद. नळ सोडावा आणि बंद करावा तसं. ओक्लाहोमात तेलाबरोबर येणारं खारं पाणी परत खोल जमिनीत सोडल्याने भूकंप वाढले, 2016 मध्ये पॉनी इथे 5.8 तीव्रतेचा झाला. पाणी सोडण्यावर निर्बंध आणल्यावर धक्के कमी झाले. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराखाली 2006 मध्ये भूऔष्णिक ऊर्जेसाठी पाणी दाबलं, 3.4 चा धक्का बसला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. इंग्लंडमध्ये 2019 साली ब्लॅकपूलजवळ फ्रॅकिंग चालू असताना 2.9 चा धक्का बसला, त्यानंतर सरकारने फ्रॅकिंगच थांबवलं.

2.9! आपल्याकडे 2.9 म्हणजे माझ्या त्या चार ओळी.

या सगळ्या ठिकाणी पंप माणसाच्या हातात होता. बंद करा म्हटलं की बंद. कोयनेत पंप म्हणजे मान्सून. शिवसागर जलाशयाची क्षमता 105 टीएमसी. दर पावसाळ्यात तो भरतो, उन्हाळ्यापर्यंत उतरतो. पाण्याचं वजन आणि खाली झिरपणाऱ्या पाण्याचा दाब ताणलेल्या भेगांपर्यंत पोचतो. 1962 पासून पाणी साठायला लागलं, धक्के जाणवायला लागले आणि 1967 ला 6.3 चा भूकंप झाला, 180 च्या आसपास माणसं गेली. पुढे सांगलीच्या शिराळा तालुक्यात चांदोलीला वारणेचं धरण झालं, 1985 पासून तिथे पाणी अडायला लागलं, आणि 1993-94 मध्ये भूकंपांचा जोर दक्षिणेला, वारणेच्या बाजूला सरकला. 5 पेक्षा मोठे धक्के तिथेही बसले. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आयुष्यभर हा संबंध तपासलाय. त्यांचं एक निरीक्षण असं की जलाशयाने पाण्याचा आधीचा उच्चांक ओलांडला की मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते. जणू खडकाला मागचा ताण आठवतो.

धरणाने भूकंप 'केला' असं म्हणणं मात्र चूक. ताण लाखो वर्षांचा, धरणाने फक्त चाप ओढला. आणि 3 किलोमीटरच्या बोअरने? त्याने चापाला हातही लावलेला नाही. जलाशयाच्या अब्जावधी टन पाण्यापुढे ते बोअर म्हणजे म्हशीच्या पाठीवरची माशी. आज्जीला हेच सांगितलं.

मग धक्के टाळण्यासाठी धरण हळू भरावं का? मला हा प्रश्न पडला, पण उत्तर सांगलीत राहून देणं सोपं आहे. 2019 ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या पुढे गेलं तेव्हा कोयनेतून किती क्युसेक सोडलं यावर घराघरांत भांडणं झाली होती. पूर खात्रीचा असतो, भूकंप शक्यतेचा. शक्यतेसाठी खात्रीचा पूर अंगावर घ्या असं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये.

मला खटकतं ते वेगळंच. सांगलीतल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं की आयर्विनची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर दर तासाला आकडे फिरतात. लोक त्यावरून सामान कधी हलवायचं ते ठरवतात. पुराचं शास्त्र आम्ही असं आपलंसं केलंय. भूकंपाच्या बाबतीत, जगातली इतकी दुर्मीळ प्रयोगशाळा दाराशी असूनही, आमच्याकडे 'सौम्य धक्का' आणि 'धरण सुरक्षित' एवढेच दोन शब्दप्रयोग आहेत. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं 'भूकंप' हे ॲप आहे, त्यावर जागा आणि खोली दिसते. पण बोअरमधल्या यंत्रांना या महिन्यात काय ऐकू आलं, धक्के कोयनेकडे आहेत की वारणेकडे सरकतायत, जलाशयाची पातळी आणि धक्क्यांची संख्या यांचा आलेख कसा दिसतो, हे पाटणच्या, शिराळ्याच्या माणसाला मराठीत, महिन्यातून एकदा, एका पानात सांगायला काय हरकत आहे? तेल कंपनी आपल्या भागधारकांना ठिपक्यांचा नकाशा दाखवते. इथे तर भागधारक ते लोक आहेत, ज्यांच्या घराच्या भिंती हलतात.

आणि हो, थोडं आमच्याही पेशाबद्दल. 'रिश्टर स्केल' हा शब्द शास्त्रज्ञांनी केव्हाच मागे टाकला, आम्ही नाही. नुसतं 'तीव्रता' लिहिलं तरी चालतं.

मागच्या आठवड्यात परत एक धक्का बसला. या वेळी मी पाचवी ओळ घातली, खोलीची, आणि आकडा मोजलेला आहे की गृहीत धरलेला तेही लिहिलं. सरांनी ती वाचली, डोकं खाजवलं आणि जाहिरात वाढल्यामुळे काढून टाकली. "पुरवणीत लिही ना सविस्तर," म्हणाले. म्हणून हा लेख.

आज्जीला सगळं फोनवर समजावलं. भोकाने हादरे वाढत नाहीत, थांबतही नाहीत, ते फक्त ऐकायचं भोक आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी कवा व्हनार ते कळतंय व्हय?"

"नाही गं, ते नाही कळत."

"मग मागल्या भिताडाची चीर वाढलीया, ते बघ आदी. दिवाळीला येताना गवंड्याला घिऊन ये."